दुधाचा की कायमचा, आधी एवढं सांगा

शाळा सुरू झाल्या की मुलांच्या दातांबद्दल माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी ब्रश कोणता घ्यावा, पेस्ट किती लावावी असं निवांत चाललेलं असतं. मे-जूनमध्ये मात्र विहीर, पोहण्याचा तलाव, मामाच्या गावची ओटी, स्कूटरवर पुढे उभं राहून मारलेली चक्कर आणि मैदानावरचा पहिला खो-खो, सगळ्यांचे हिशेब एकदम येऊन पडतात. म्हणून या महिन्यात अपघात आणि रात्री-अपरात्री उठलेली कळ एवढंच घेतलं आहे. वेड्यावाकड्या दातांबद्दल लिहिलेल्यांनी रागावू नये, तुमची पत्रं जपून ठेवली आहेत.

एक विनंती. फोनवर असो की पत्रात, ‘पोराचा दात पडला हो’ एवढ्यावर थांबू नका. वय किती आणि दात कोणता, हे पहिल्या वाक्यात सांगा. दुधाचा असेल तर मी एक सांगेन आणि कायमचा असेल तर नेमकं त्याच्या उलट.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. सरावात सहावीतला एक मुलगा खो-खोच्या खांबावर आपटला आणि वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर आला. आम्ही दात शोधला, साबण लावून नळाखाली घासून स्वच्छ केला, टिश्यू पेपरात गुंडाळून त्याच्या कंपासपेटीत ठेवला. सांगलीला पोहोचेपर्यंत तीन तास गेले. डॉक्टरांनी दात बसवून तारेनं बांधला आहे, पण ‘किती वर्षं टिकेल सांगता येत नाही’ म्हणाले. आमचं काय चुकलं? (एक शिक्षक, जत तालुका)

सर, तुम्ही दात शोधलात आणि मुलासोबत पाठवलात, हेच अनेकांना सुचत नाही. दात तिथेच मातीत राहतो आणि माझ्यापर्यंत नुसतं रिकामं भोक येतं. बाकीचं स्पष्ट लिहिते, कारण पुढचा खेळाडू उद्याही आपटू शकतो.

वरचे समोरचे कायमचे दात सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात. तेव्हा सहावीतल्या मुलाचा हा दात कायमचाच. तो बाहेर आल्यावर मुळावर एक ओलसर, लालसर, पातळ पापुद्रा दिसतो. बघणाऱ्याला ती घाण वाटते, पण त्यातल्या जिवंत पेशीच दाताला पुन्हा हाडाशी धरून ठेवणाऱ्या असतात. घासल्या की त्या खरवडून जातात, साबण किंवा डेटॉल लावला की मरतात आणि कोरड्या टिश्यूत वाळून जातात. दात तासभर कोरडा राहिला तर त्यातलं फारसं काही जिवंत उरत नाही. उलट पहिल्या पंधरा मिनिटांत तो जागेवर गेला, तर तग धरण्याची शक्यता सगळ्यात चांगली. म्हणजे दवाखान्यात मी किंवा दुसऱ्या कुणी काय करायचं ते पुढचं. या दुखण्यातला मोठा निकाल मैदानावरच लागलेला असतो. आपल्याकडे स्वच्छतेचा हात जरा जडच. इथे नेमका तोच नडतो.

मग करायचं काय? आधी मुलाकडे बघा, दाताकडे नाही. शुद्धीवर आहे ना, नाव-गाव नीट सांगतो ना, उलटी झाली का, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येतंय का. यातलं काहीही असेल तर दात बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. मूल ठीक असेल तर दात उचला, पण तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागाला धरून. मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाईनमध्ये एकदा अलगद हलवा, नाहीतर मुलाच्याच थुंकीनं ओला करा. काहीच नसेल तर गार पाण्याच्या बारीक धारेखाली क्षणभर धरलात तरी चालेल, मात्र चोळणं, पुसणं, खरवडणं नाही. मग जिथून आला त्या खोबणीत तो सावकाश सरकवा. गुळगुळीत बाजू ओठाकडे, किंचित खोलगट बाजू जिभेकडे. शेजारचा दात बघून उंची लावा. जरा कमी-जास्त बसला तरी घाबरू नका, आम्ही सरळ करतो. मग घडी घातलेला रुमाल हलकेच चावायला द्या आणि तसंच गाडीत बसवा. ताज्या जखमेत हे वाटतं तेवढं दुखत नाही. मूल बेशुद्ध असेल, कर्करोगाच्या उपचारांवर असेल किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल, तर मात्र हा प्रयोग करायचा नाही.

एवढं धाडस होणार नाही, असं तुम्ही म्हणाल. कबूल. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडात दात सरकवायला छाती लागते. मग दूध. शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर ते असतंच. गार दूध पेल्यात किंवा डब्यात घ्या, दात पूर्ण बुडवा, झाकण लावा. तापवून निवलेलं चालेल, साखर घातलेलं नको. दुधाचा खारेपणा आणि आम्लता या पेशींना मानवणारी असते, म्हणून त्या त्यात काही काळ तग धरतात. ताक, दही, सरबत आंबट, ते नको. शहाळ्याच्या पाण्यावर आपल्याकडे बरेच प्रयोग झाले आहेत, पण तेही आम्लधर्मी असतं. टपरीवर दूध मिळत असताना शहाळं शोधायला माणूस पाठवू नका. साध्या पाण्यात या पेशी फुगून फुटतात, पण कोरडं ठेवण्यापेक्षा तेही परवडलं. दूध नसेल तर मुलाला पेल्यात थुंकायला लावून त्यात दात ठेवा. गालात धरायला सांगायचं तर मूल मोठं आणि शांत हवं, नाहीतर हुंदक्यासरशी गिळून बसतं.

आता तुमच्या विद्यार्थ्याबद्दल. तीन तास कोरडा राहिलेला दातही बसवला, हे बरोबरच केलं. असा दात कालांतरानं हाडाला थेट चिकटतो आणि हाड त्याचं मूळ हळूहळू गिळत जातं. कुणाचा काही वर्षांत जातो, कुणाचा बराच टिकतो. पण तो आहे तोवर जागा राहते, तिथलं हाड राहतं आणि मुलाचं हसू राहतं. इम्प्लांट (हाडात रोवलेला कृत्रिम दात) वाढ पुरी झाल्याशिवाय, म्हणजे साधारण अठरा-वीसपर्यंत, करता येत नाही. तोवरची वर्षं कशी काढायची हा प्रश्न या दातानं काही काळ तरी सोडवला. तार साधारण दोन आठवडे ठेवतात. अकरा वर्षांच्या मुलाचं मूळ बहुधा खालून बंद झालेलं असतं, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांतच रूट कॅनल सुरू करावं लागतं. ‘दुखत नाही, मग कशाला’ म्हणून पालक चालढकल करतील, तेवढं तुम्ही होऊ देऊ नका. धनुर्वाताचं बघा : दहाव्या वर्षीची टीडीची लस झाली आहे का ते विचारा, नसेल तर लगेच. पुढे तो दात शेजारच्यापेक्षा आत गेल्यासारखा, आखूड दिसायला लागला तर तो हाडाला चिकटल्याची खूण आहे, तेव्हा दाखवून घ्या. तक्रार नसली तरी वर्षातून एकदा एक्स-रे हवाच.

जाता जाता. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायची रीत अजून कितीतरी घरांत आहे, आणि दुधाच्या दाताला माझी काहीच हरकत नाही. पण नऊ वर्षांच्या नातीचा कायमचा दात आजीनं सवयीनं फेकला आणि मग आजोबांना शिडी लावून पत्र्यावर चढावं लागलं, असं एक घर माझ्या ओळखीत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. न्हाणीघरात घसरून तोंडावर पडली. वरचा एक दात पूर्ण दिसेनासा झाला आहे. सासूबाई म्हणतात हिरडीत शिरलाय, ओढून काढून टाका, नाहीतर त्यामागचा कायमचा दात येणारच नाही. (एक आई, बार्शी)

ताई, ओढून कुणालाच काढू देऊ नका.

आधी तो नक्की कुठे गेला ते कळायला हवं. तीन शक्यता असतात : हिरडीत शिरला, बाहेर पडून न्हाणीच्या मोरीत गेला, किंवा गिळला. छोटासा एक्स-रे काढला की उत्तर मिळतं. गिळला असेल तर तो आपल्या वाटेनं बाहेर पडतो, केळी-भाताचे घास कोंबायची गरज नाही. पण पडल्यापासून सारखा खोकला, छातीत घरघर किंवा धाप असं काही असेल तर तो श्वासनलिकेत गेल्याची शंका धरायची आणि दातांच्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

बहुतेक वेळा तो हिरडीतच असतो. या वयात हाड मऊ, मुळं आखूड, त्यामुळे दात मोडण्याऐवजी आत सरकतो. आणि गंमत अशी की काही न करता तो आपला आपण पुन्हा खाली येतो. साधारण सहा महिन्यांत, कधी वर्ष लागतं. तोवर काम एवढंच : आठवडा-दोन आठवडे मऊ जेवण, त्या जागी मऊ ब्रश किंवा कापसाच्या बोळ्यानं सफाई, आणि पहिला आठवडा डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक कापसावर घेऊन दिवसातून दोनदा. बाटलीनं दूध पीत असेल तर ती सोडवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

सासूबाईंच्या भीतीत थोडं तथ्य आहे, ते त्यांना जरूर सांगा. दुधाच्या दाताच्या मुळाशी कायमचा दात तेव्हा घडत असतो. आत शिरलेल्या दाताचा त्याला धक्का बसू शकतो आणि पुढे सात-आठ वर्षांची झाल्यावर त्या दातावर पांढरा किंवा पिवळट-तपकिरी डाग दिसू शकतो. पण तो धक्का पडली त्याच क्षणी बसून गेला. आता दात उपटून तो परत घेता येत नाही. उपटताना दुसरा धक्का मात्र नक्की देता येतो. म्हणूनच, दुधाचा दात पूर्ण बाहेर आला तर तो आम्ही परत बसवत नाही. वर सरांना सांगितलं त्याच्या उलट. तो दुधात घालून धावत आणू नका, फार तर आणून दाखवा, म्हणजे अख्खा आला का तुटून आला ते कळेल.

काही आठवड्यांनी शेजारचा मार लागलेला दात करडा-काळपट होऊ शकतो. नुसत्या रंगावरून काढायची किंवा रूट कॅनलची घाई नको, काहींचा रंग परत उजळतो. हिरडीवर पुळी आली, पू दिसला, दात हलायला लागला किंवा त्या बाजूनं खाईनाशी झाली, तर मात्र त्याच दिवशी या.

प्रश्न : नातू सात वर्षांचा, पुण्याहून सुट्टीत आमच्याकडे आला आहे. परवा रात्री दाढ ठणकायला लागली. लवंग तेलाचा बोळा ठेवला, तव्यावर मीठ गरम करून पुरचुंडीनं शेक दिला. पहाटे शांत झोपला. आता दुखत नाही, पण सकाळपासून गाल किंचित सुजल्यासारखा वाटतो. दाढ दुधाचीच आहे, पडणारच आहे. आई-वडील पंधरा दिवसांनी नेणार आहेत, तोवर थांबलं तर चालेल ना? (एक आजोबा, राजापूर)

आजोबा, नाही चालणार. पुण्याची वाट बघू नका. अंक हातात येईपर्यंत उशीर होईल म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण असंच पत्र दरवर्षी कुठून ना कुठून येतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ठणका थांबला म्हणजे दुखणं बरं झालं, असं दाढेच्या बाबतीत नसतं. आतली नस जिवंत असते तोवर ती ओरडते. मेली की गप्प बसते. मग जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि गाल बोलायला लागतो. तुमच्या पत्रातली ‘दुखायचं थांबलं’ आणि ‘गाल सुजला’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचली आणि मी पहिला फोन तुम्हाला लावला.

शेकाचं. सांधा धरला, पाय मुरगळला तर मिठाची पुरचुंडी द्या, दाढेच्या सुजेवर कधीही नको. उष्णतेनं रक्तपुरवठा वाढतो आणि सूज पसरायला मदत होते. बाहेरून गार पाण्याची पट्टी ठेवा. लवंग तेल मोठ्या माणसाच्या दाढेत थेंबभर ठीक आहे, पण मुलं बोळा चावतात, तेल हिरडीवर आणि गालाला आतून पसरतं आणि भाजल्यासारखा पांढरा चट्टा उठतो. मिश्रीचं तर नावच काढू नका. मूल गप्प होतं ते तंबाखूनं गुंगल्यामुळे, आणि सवय लागायला दाढदुखी हे जुनं दार आहे. बाजारात दातातली कीड काढून तळहातावर वळवळताना दाखवणारे बसतात, त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला नको. तशी अळी दातात नसतेच.

रात्री दोन वाजता दाढ उठली तर घरात काय करता येतं? दिवा आणि बॅटरी घेऊन आधी तोंडात बघा. दोन दाढांच्या मधे पेरूची बी, मक्याचं साल किंवा मटणाचा धागा अडकला की हिरडी असा हंगामा करते की नस उघडी पडल्यासारखं वाटावं. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावा, घरात फ्लॉसचा दोरा असेल तर हळूच फिरवा. टाचणी, काडी, सुई नको. कधी कधी तेवढ्यानंच मूल हसायला लागतं.

नाहीच थांबलं तर पॅरासिटामॉल, वजनावर. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी. वीस किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम. लोक घसरतात ते पुढच्या पायरीवर : बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२०, १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशी वेगवेगळ्या ताकदीची सिरपं असतात. २५० चं असेल तर ३०० मिलिग्रॅमसाठी ६ मिलिलिटर आणि १२५ चं असेल तर १२. बाटलीवरचा आकडा चष्मा लावून वाचा. ‘नेहमीचं एक झाकण’ हे माप नव्हे. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा तास अंतर ठेवा आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस देऊ नका. सर्दी-तापाच्या औषधातही पॅरासिटामॉल असतं, ते चालू असेल तर मोजा. आयब्युप्रोफेन दाढेला चांगलं लागू पडतं, पण पावसाळ्यात अंगात ताप असताना स्वतःच्या मनानं देऊ नका; डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. ॲस्पिरिन मुलांना नाही, पोटातून नाही आणि हिरडीवर दाबूनही नाही. मोठ्यांच्या पाकिटातली निमेसुलाइडची अर्धी गोळीही नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी ती आपल्या देशात २०११ पासून बंद आहे, तरी डब्याडब्यांतून अजून निघते. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक सूज काही दिवस दाबतं, दाढ तशीच राहते आणि पुढच्या खेपेला गाल दुप्पट होतो.

आता सूज. डोळा झाकू लागला, सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंड पूर्ण उघडत नाही, गिळता येत नाही म्हणून लाळ बाहेर गळते, जीभ वर उचलल्यासारखी दिसते, आवाज घोगरा झाला, ताप भरून मूल मलूल पडलं : यांतलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. हे दातांच्या दवाखान्याचंही काम उरत नाही. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा, १०८ बोलवा. सूज खालून श्वासाची वाट दाबू शकते, आणि मुलांत हा बदल काही तासांत होतो.

राहता राहिलं ‘दुधाचीच आहे’. दुधाच्या दाढा पडतात दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. नातू सातचा आहे, म्हणजे ही दाढ अजून तीन ते पाच वर्षं चावायला हवी आणि तिच्या मागून येणाऱ्या कायमच्या दाढेची जागा राखायला हवी. शक्य असेल तर नस काढून, भरून, वर टोपी बसवून वाचवतात. वाचत नसेल तर काढून तिथे जागा राखणारी तार बसवतात. शिवाय एकदा नीट मोजून बघा, ती दुधाचीच आहे का. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ गुपचूप येते. कुणालाच पत्ता नसतो. ‘पडणारच आहे’ म्हणून किडू दिलेल्या दाढा मी बघते, त्यांतल्या कितीतरी याच असतात.

प्रश्न : खालचे दुधाचे दात न पडताच मागून दुसरी रांग आली आहे. तातडीनं काढावे लागतील का? (एक वडील, नाशिक)

नाही. जीभ त्यांना पुढे ढकलते. गाजर, काकडी, भाजलेलं कणीस चावायला द्या. दुधाचा दात हलत असेल तर त्याला रोज हलवू द्या. दोन-तीन महिन्यांत ढिम्म असेल तर दाखवा.

प्रश्न : मुलीची दाढ भरून आणली. घरी आल्यावर तासाभरात खालचा ओठ भयंकर सुजला, दुसऱ्या दिवशी त्यावर पिवळा-पांढरा थर आला. इंजेक्शन बाधलं की सुई निर्जंतुक नव्हती? (एक आई, परभणी)

बहुधा दोन्ही नाही. ओठ तिनंच चावला. बधिर ओठ मुलांना नवं खेळणं वाटतं. ती चघळतात, ओढतात, आणि दुखत नसल्यामुळे थांबत नाहीत. तो पिवळा-पांढरा थर पू नव्हे, तोंडातल्या जखमेवरची खपली तशीच दिसते. थंड, मऊ, बिनतिखटाचं खाणं, ओठावर व्हॅसलीन, गरज पडली तर पॅरासिटामॉल. दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. अँटिबायोटिक नको. सूज हनुवटीखाली सरकली किंवा ताप आला तर दाखवा. पुढच्या वेळी बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, खाणं बंद आणि मूल नजरेसमोर. ‘चांगली वागलीस’ म्हणून वाटेत वडापाव घेऊन देतात आणि तिथेच हे होतं.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. पोहण्याच्या तलावाच्या कठड्यावर आपटून वरचा समोरचा दात अर्धा तुटला. गार पाणी लागलं की ओरडतो. जवळच्यांनी सांगितलं की एवढ्यात काही करू नका, अठराव्या वर्षी कॅप बसवता येईल. तुकडा पर्समध्ये ठेवला आहे. (एक आई, ठाणे)

कॅप अठराव्या वर्षी, हे ठीक. पण दात तोवर जिवंत ठेवायचा तर काम याच आठवड्यात, खरं तर आजच.

खिडकीजवळ उभं करून तुटलेल्या जागेच्या मध्यभागी बघा. नुसतं पांढरं असेल तर कड घासून गुळगुळीत केली तरी पुरतं. पिवळसर दिसत असेल तर आतला थर उघडा आहे, तो झाकायला हवा; गार पाण्याचं ओरडणं त्याचंच. मधोमध गुलाबी किंवा लाल ठिपका असेल तर नस उघडी आहे. नऊ वर्षांच्या मुलात या ठिपक्याला फार मोल आहे. त्या वयात दाताचं मूळ खालून अजून उघडं आणि भिंती पातळ असतात. ते पुरं व्हायला आतली नस जिवंत लागते. वेळेवर आलात तर आम्ही सगळी नस काढत नाही. वरचा दोनेक मिलिमीटर भाग काढतो, औषधाचा थर देतो, वरून दात बांधतो आणि मूळ आपलं आपण वाढत राहतं. उशीर होऊन नस मेली तर पातळ भिंतींचा तो दात पुढे साध्या धक्क्यानं मानेशी मोडतो.

तुकडा पर्समधून काढून पाण्यात किंवा दुधात ठेवा. वाळला की रंग फिका पडतो आणि चिकटवला तरी वेगळा दिसतो. ओला असेल आणि नीट जुळत असेल तर तोच परत चिकटवता येतो, इतका बेमालूम की शाळेत कुणाला कळत नाही.

आणि तुकडा सापडलाच नसता तर मी आधी ओठ बघितला असता. एका मुलीचा ओठ ‘सूज उतरत नाही’ म्हणून महिनाभरानं माझ्याकडे आला होता. ओठ दोन बोटांत धरून फिरवला तर तांदळाच्या कणीसारखं काहीतरी आत सरकलं. एक्स-रेत दाताची कड स्पष्ट दिसली. पडली तेव्हा टाके घालणाऱ्यानं वरून छान शिवून टाकलं होतं, आत दात ठेवून. ओठ फाटला आणि दात तुटला असं दोन्ही असेल, तर तुकड्यांचा हिशेब लागेपर्यंत टाके घालू देऊ नका.

तुमचा मुलगा पुढे आलेल्या दातांचा असेल, तर एकदा वेड्यावाकड्या दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. ओठांनी न झाकले जाणारे दात पहिला मार खातात. आणि क्रिकेट, हॉकी, कराटे खेळत असेल तर दातांवर बसवायचं माउथगार्ड. हेल्मेटचे पैसे देतानाच तेही द्या.

प्रश्न : आम्ही ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. चाळीसेक मुलं असतात, आई-वडील कारखान्यावर. प्रथमोपचाराच्या पेटीत दातांसाठी काय ठेवावं? (एक कार्यकर्ती, बीड जिल्हा)

तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण या मुलांच्या दुखण्याला सुट्टीचा दिवस पकडून डॉक्टरकडे नेणारं घरात कुणी नसतं.

महागाचं काही लागत नाही. टेट्रापॅकमधलं साधं, बिनसाखरेचं दूध, छोटी खोकी दोन. ते न उघडता फ्रीजशिवाय राहतं. घट्ट झाकणाची प्लास्टिकची डबी. मेडिकलमध्ये मिळणारी नॉर्मल सलाईनची १०० मिलिलिटरची बाटली. निर्जंतुक गॉज, हातमोजे, बॅटरी. पॅरासिटामॉल सिरप, मोजायच्या सिरिंजसह, आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली प्रत्येक मुलाच्या वजनाची यादी. वजन दर दोन महिन्यांनी बदलून लिहा, ऊस संपेपर्यंत पोरं वाढतात. यादीत टीडीच्या लसीची तारीखही असू द्या.

ओठ-जीभ फाटून रक्त आलं तर गॉजची घडी त्या जागी दहा मिनिटं दाबून धरायची, मधे मधे उचलून बघायचं नाही. वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारी छोटी पट्टी फाटली की रक्त भीतीदायक येतं, पण बहुतेक वेळा टाका लागत नाही. नंतर ओठ उचलून उचलून पाहिलं की पुन्हा सुरू होतं, म्हणून बघायला जमलेल्यांना आधी पांगवा. दाबूनही थांबत नसेल, किंवा जखम ओठाच्या बाहेरच्या कडेपासून आरपार असेल, तर रुग्णालय.

पेटीवर तीन फोन लिहा : १०८, तालुक्यातला दातांचा डॉक्टर, आणि मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय. तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा आधी भेटून ठेवा. दात पडल्यावर पहिल्यांदा फोन करून पत्ता विचारण्यात जो वेळ जातो, तो या कामात परवडत नाही. मोठ्या मुलांपैकी दोघा-तिघांना ‘दात पडला की मुळाला हात नाही, थेट दुधात’ एवढं शिकवा. ताईंच्या आधी तीच तिथे असतात. आणि दुधाच्या खोक्यावरची तारीख महिन्याच्या महिन्याला बघा. संपत आलेलं मुलांना प्यायला द्या, नवं आणून ठेवा.